नाक दाबलं की तोंड उघडतं

गेल्या जूनमध्ये माझा भाचा पावणेतीन वर्षांचा होता आणि पाच गोष्टी खात होता. एका ठरावीक पुड्यातलं ग्लुकोज बिस्कीट, कोरडे चुरमुरे, खारे बटाटा वेफर्स, निळ्या बाटलीतलं दूध आणि पांढरा भात. भातावर आमटी नाही, तूप नाही, काहीच नाही. त्याआधीच्या दिवाळीपर्यंत या यादीत केळं आणि चपाती होती. मग केळं गेलं. महिन्याभराने चपाती गेली. गेलेली गोष्ट परत आली नाही.

त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही. मोठा होऊन त्याने हे वाचलं तर आपल्या जेवणाची चर्चा जगासमोर झालेली त्याला आवडेलच असं नाही. आपण त्याला बाळू म्हणू.

"आमचंही खात नाही हो" हे वाक्य ऐकलं नाही असं एकही घर नसेल. दोन ते सहा या वयात मुलं नव्या पदार्थाला घाबरतात हे खरंच आहे. बहुतेक मुलं तो पदार्थ आठ-दहा-पंधरा वेळा ताटात बघून, चिवडून, शेवटी खातात. त्यांच्या यादीत वीस-पंचवीस तरी गोष्टी असतात, आणि रुसून सोडलेली भेंडी दोन महिन्यांनी परत चालते. बाळूचं तसं नव्हतं. शेजारी कुणी वरणभात कालवायला लागलं की त्याला उमासे यायचे. बोटाला भाताचं एक शीत चिकटलं तर तो हात लांब धरून रडायचा, जणू काही चावलंय. एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, लाडावलाय, उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारत खाईल. ताईने एक दिवस तेही केलं. संध्याकाळपर्यंत तो फक्त मलूल होत गेला.

ताईच्या सासूबाईंचा उपाय वेगळा होता. "नाक दाबलं की तोंड उघडतंय. सोपं हाय की. आमची समदी पोरं अशीच वाढली."

आपण ही म्हण सरकारबद्दल, थकबाकीदारांबद्दल वापरतो. मी ती पहिल्यांदाच शब्दशः अमलात येताना बघितली. एका हाताने नाक, दुसऱ्या हाताने चमचा. तोंड उघडतं, अगदी खरं आहे. ते उघडतं श्वासासाठी. पोर रडत असतं, हवा आत ओढत असतं, आणि त्याच क्षणी आपण त्यात मऊ भात घालतो. तो भात अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणीतलं शरीरशास्त्र बरोबर आहे, म्हणून तर ते इतकं धोक्याचं आहे.

पण काकूंना खलनायिका करून मी पुढे जाणार नाही. त्या जत तालुक्यातल्या. बहात्तरच्या दुष्काळात तेरा वर्षांच्या होत्या. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन त्यांनी ती दोन वर्षं काढली. ज्या बाईने असं खाल्लंय तिच्यासमोर भरल्या ताटाला नाही म्हणणारं पोर म्हणजे लाडाची गोष्ट नसते, भीतीची असते. पोरगं वाळत चाललंय, एवढंच त्यांना दिसत होतं. आणि ते खरं होतं. दाजींच्या शेडमध्ये सुताचं वजन करायचा काटा आहे. ताई दर रविवारी बाळूला त्यावर उभं करायची. पाच महिने काटा अकरा किलोच्या आसपासच घुटमळत होता.

आम्ही इचलकरंजीचे. दाजींचे आठ माग आहेत, घराच्या मागेच. ताई शाळेत शिकवते. मी एमपीएससी करते, म्हणजे फॉर्मवर "व्यवसाय" या रकान्यात गेली तीन वर्षं काय लिहायचं याचा विचार करते. त्यामुळे घरात सगळ्यात मोकळी मी. कोल्हापुरात मुलांच्या जेवणावर काम करणाऱ्या एक मॅडम आहेत असं ताईच्या सहकारी शिक्षिकेने सांगितलं, तेव्हा मंगळवार आणि शुक्रवार माझ्या नावावर लागले. एसटीने तासभर. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढं एक बरं.

बोर्डावर लिहिलं होतं, व्यवसायोपचार तज्ज्ञ. दाजींनी त्याचा फोटो बघून विचारलं, "तीन वर्षांच्या पोराचा कसला व्यवसाय?"

प्रश्न चांगला होता. ऑक्युपेशनल थेरपी या नावाचं मराठी भाषांतर सरकारी कागदांसाठी ठीक आहे, पण ते ऐकून कुणालाही नोकरी-धंदाच आठवणार. मूळ शब्दात अर्थ आहे तो माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो त्या सगळ्या कामांचा. अंघोळ, कपडे घालणं, लिहिणं, स्वयंपाक, खेळणं. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुन्हा शर्टाची बटणं लावता यावीत म्हणून जो माणूस धडपडतो तो व्यवसायोपचार तज्ज्ञ. आणि तीन वर्षांच्या पोराचा व्यवसाय म्हणजे खाणं, झोपणं, खेळणं. त्यातला एक ठप्प झाला होता.

अमेरिकेत हे शास्त्र १९१७ च्या सुमारास संघटित झालं, आणि पहिल्या महायुद्धातून आलेल्या जखमी सैनिकांवर त्याचा मोठा वापर झाला. त्या काळात रुग्णांना बुरूडकाम, सुतारकाम आणि हातमागावर विणायला द्यायचे. हे मी दाजींना सांगितलं. "मग आमच्या गावात समदेच ठणठणीत पायजेत," ते म्हणाले.

आपल्याकडे हे आणणारी बाई कोण हे मला परीक्षेच्या अभ्यासात कधीच भेटलं नव्हतं. एलिझाबेथ लंडी नावाची अमेरिकन क्वेकर मुलगी. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये भारतात आली आणि कमला निंबकर झाली. पुढे चाळिशीत परत अमेरिकेला जाऊन फिलाडेल्फियात हे शिकली. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तिने भारतातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली, आणि १९५२ मध्ये या लोकांची अखिल भारतीय संघटना उभी केली. फलटणला मॅक्सीन बर्नसननी सुरू केलेल्या कमला निंबकर बालभवन या शाळेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या याच कमलाबाई. समाजसुधारकांची यादी आम्ही घोकतो, त्यात हे नाव असायला हरकत नव्हती.

आता मॅडमच्या खोलीत चला. छताला टांगलेला कापडी झोपाळा, एक मोठा चेंडू, गाद्या, छोटं ट्रॅम्पोलिन. जेवणाशी संबंधित काहीही नाही. पहिल्या दोन खेपांना त्यांनी बाळूला खायला काही दिलंच नाही. मी डब्यात चार प्रकार नेले होते, ते तसेच परत आले. त्यांनी प्रश्न मात्र दीड तास विचारले. जन्माचं वजन किती? अंगावर प्यायचा का, थकायचा का? रांगताना हातात येईल ते तोंडात घालायचा का? शी रोज होते का, कडक होते का? केस कापताना काय करतो? दात घासताना? वाळूत, गवतात अनवाणी चालतो का? कपड्याच्या आतलं लेबल टोचतं का? मिक्सर लावला तर?

मिक्सरचं उत्तर आम्हाला लगेच देता आलं. चटणी करायची तर कुणीतरी बाळूला घेऊन गल्लीच्या टोकाला जायचं, असा आमच्या घरी नियमच होता. पण मग मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरामागे आठ माग चोवीस तास खडखडतात आणि त्यात हा ढाराढूर झोपतो. उलट वीज गेली, माग थांबले, की दचकून उठतो. हे कसं?

त्या हसल्या. म्हणाल्या, "मागाचा पुढचा ठोका कधी पडणार हे त्याला माहीत असतं. मिक्सर कधी सुरू होणार हे माहीत नसतं."

माझ्यासाठी सगळं प्रकरण या एका वाक्यापासून उलगडायला लागलं.

शाळेत आपण पाच इंद्रियं शिकतो. हे लोक आणखी तीन धरतात. कानाच्या आतल्या भागातून कळणारा तोल. सांधे आणि स्नायूंतून कळणारं शरीराचं ठिकाण, ज्याच्यामुळे डोळे मिटूनही तुमचं बोट नाकाला बरोबर लागतं. आणि पोटातली जाणीव, म्हणजे भूक, तहान, शी लागलेली कळणं. जीन एअर्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने यावर आयुष्यभर काम केलं, तिचं पहिलं मोठं पुस्तक १९७२ चं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की या सगळ्या वाटांनी येणारी माहिती मेंदूला सतत निवडावी, जुळवावी लागते, आणि काही मुलांचा मेंदू ते काम आपल्यासारखं करत नाही. कुणाला शर्टाचं लेबल सुईसारखं टोचतं, कुणी भिंतीला धडकलं तरी त्याला फारसं जाणवत नाही. बाळूच्या तळहाताचा आणि तोंडाचा आवाज फार मोठा होता, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं. आणि भुकेचा आवाज लहान. म्हणून उपाशी ठेवून काही झालं नाही.

आता त्याची यादी परत वाचा. बिस्कीट, चुरमुरे, वेफर्स. कंपनीचं बिस्कीट सोमवारी आणि शनिवारी तंतोतंत सारखंच असतं. रंग, आकार, कुरकुर, चव, सगळं. केळं तसं नसतं. एक कच्चं, एक पिकलेलं, एकावर काळा डाग, एकाचा वास लांबून येतो. आपण त्याला एकच नाव दिलंय म्हणून ते एकच होत नाही. चपाती कधी करपते, कधी मऊ, कधी काकूंची, कधी ताईची. बाळूने मिक्सर सोडून माग निवडला होता, बस्स. यात हट्ट कुठे आला?

पण सगळंच संवेदनांचं होतं असंही नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हाला बालरोगतज्ज्ञांकडे धाडलं होतं. रक्त तपासा, पोट बघा, टॉन्सिल बघा, मग या. पाणी पिताना खोकला येतो का, जेवल्यावर आवाज घोगरा ओलसर होतो का, छाती वारंवार भरते का, हेही त्यांनी खोदून विचारलं, कारण तसं असेल तर गिळण्यातच अडचण असू शकते आणि तिथे खेळ करत बसणं धोक्याचं. बाळूला ते नव्हतं. लोह मात्र कमी निघालं. दिवसभर दूध पिणाऱ्या मुलांत हे होतं, दुधात लोह जवळजवळ नसतं आणि पोट तर भरलेलं राहतं. लोह कमी झालं की भूक आणखी मरते. मग लोहाचं औषध सुरू झालं, दूध मोजून द्यायला लागलो. बद्धकोष्ठ होतं, त्यावरही इलाज झाला. कुणी या पायरीवरून उडी मारून थेट झोपाळ्याकडे नेत असेल तर तिथून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट चावण्याची. पुढचा घास जरा सावकाश खाऊन बघा. जीभ त्याला उचलून डावीकडच्या दाढांवर नेते, दाढा गोल फिरून दळतात, जीभ परत गोळा करते, पुन्हा उजवीकडे. वीसपेक्षा जास्त स्नायू राबत असतात. तुम्हाला हे कुणी शिकवलं नाही, पण तुम्ही ते शिकलात, सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत, हाती लागेल ते तोंडात घालून. लहान बाळाला उमासा जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागाला स्पर्श झाला तरी येतो. खेळणी, बोटं चघळता चघळता ती जागा मागे सरकत जाते. बाळूने खेळणी कधी चघळलीच नाहीत. ताई तेव्हा कौतुकाने सांगायची, किती स्वच्छ बाळ आहे.

मॅडमनी बिस्कीट खाताना त्याचा व्हिडिओ काढून मला हळू करून दाखवला. जीभ बाजूला जातच नव्हती. तो बिस्कीट टाळूला दाबून विरघळवत होता. पांढऱ्या भाताचंही तेच, दाबून गिळायचा. मग आमटी-भात का नाही, याचं उत्तर तिथेच मिळालं. त्यात पातळ पाणी एकाच वेळी घशाकडे पळतं आणि शितं मागे राहतात. तोंडाला एकाच वेळी दोन कामं. पोह्यांत मऊ पोहा, कडक शेंगदाणा, चिवट मिरची. आपण ज्याला साधं, हलकं, मुलांचं खाणं म्हणतो त्यातलं कितीतरी तोंडाच्या हिशोबाने अवघड असतं.

मग काम काय केलं? जीभ बाजूला न्यायला शिकवण्यासाठी बोटासारखे लांब तुकडे दाढेवर बाजूने ठेवायचे. खुर्चीवरून लोंबकळणारे पाय टेकवायचे. ज्याचे पाय हवेत आहेत त्याचं अर्धं लक्ष न पडण्यात जातं, तो चावणार काय? दाजींनी सुताच्या कोनचं रिकामं खोकं वाळू भरून पायाखाली दिलं, आजही तेच आहे. जेवणाआधी पंधरा मिनिटं जोराचं काम, म्हणजे उशा ढकलणं, पाण्याची भरलेली बाटली या खोलीतून त्या खोलीत नेणं. आणि मुख्य म्हणजे पदार्थापर्यंत एकेक पायरी. या पद्धतीची मांडणी के टूमी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी केली आहे. त्यांच्या तक्त्यात खाण्यापर्यंत बत्तीस पायऱ्या आहेत. पदार्थ त्याच खोलीत असणं चालणं ही पहिलीतली एक. मग टेबलावर. मग चमच्याने ढकलणं, बोटाने शिवणं, वास, ओठांना लावणं, चाटणं, चावून थुंकणं. गिळणं अगदी शेवटी. आपण रोज बत्तिसाव्या पायरीवरून सुरू करत होतो, हे मी एसटीत बसून ताईला मेसेज केलं. तिने नुसताच एक अंगठा पाठवला. शाळेत होती.

थुंकायला परवानगी, हे घरी सांगणं अवघड गेलं. मॅडमनी त्यासाठी वेगळी वाटी ठेवायला सांगितली होती. ज्याला माहीत आहे की बाहेर काढता येईल, तोच आत घ्यायला धजतो. पण आमच्या घरात उष्टं म्हणजे उष्टं. चाटून परत ताटात? आणि त्याहून मोठा प्रसंग तांदळाचा. मॅडमनी परातीत कोरडे तांदूळ ओतून त्यात खेळणी लपवायला, हात-पाय घालायला सांगितलं होतं. मी घरी परात मांडली. बाळूने पायाचा अंगठा त्यात बुडवला, आणि काकू उठून उभ्या राहिल्या.

"अन्न पायदळी? माझ्यासमोर नको, पोरी."

त्या ओरडल्या नाहीत. डोळ्यांत पाणी होतं. मिलोच्या भाकरीवर वाढलेल्या बाईपुढे मी थेरपीची व्हिडिओ क्लिप काय दाखवणार? परात उचलली. शुक्रवारी मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. वाळू घ्या, सुताचे गुंडे घ्या. हात अन्नाला लागणं महत्त्वाचं, पण ते त्यांनाच विचारा कसं लावायचं."

विचारलं नाही. गरजच पडली नाही. काकू रोज सकाळी काठवटीत पीठ मळतात, आणि भाकरी थापण्याचा आवाज बाळूला आवडतो. थप थप थप थप. पुढचा ठोका माहीत असलेला आवाज. तो दारात उभा राहून बघायचा. एक दिवस काकूंनी न बोलता कोरड्या पिठाची चिमूट त्याच्यासमोर पाटावर टाकली आणि आपल्या कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभराने त्याने एक बोट लावलं, लगेच चड्डीला पुसलं. काकूंनी वर बघितलंही नाही. साधारण सव्वा महिन्याने त्याच्या हातात लिंबाएवढा ओला गोळा होता आणि तो थापत होता. मी हे सगळं मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी वही काढून लिहून घेतलं.

मुलाला भरवणं यात आपल्याकडे केवढं प्रेम ओतलेलं असतं. चिऊ-काऊच्या नावाने घास, अंगणात फिरत घास, आता मोबाईल लावून घास. त्या घासांची मोजणी आई करते, मुलाला कळतही नाही किती गेले. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंची एक विभागणी मॅडमनी फ्रीजवर लावायला दिली. काय, कधी, कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाचायला एक ओळ. पाळायला आमचं अख्खं घर कामाला लागलं. ताईने रविवारचा काटा बंद केला, महिन्यातून एकदा डॉक्टरांकडेच वजन. ताटात एक त्याची हक्काची गोष्ट, एक शिकायची. कुणीही "एवढा घास" म्हणायचं नाही. दाजींना हे सगळ्यात जड गेलं, ते जेवताना तोंडावर हात ठेवून बसायचे.

आता थोडं कडू. "सेन्सरी" हा शब्द सध्या रील्सवर धो धो वाहतोय. वजनदार जॅकेट, खास ब्रश, महागडे खेळण्यांचे संच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०१२ मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं की संवेदनांची गडबड हे स्वतंत्र निदान म्हणून चिकटवू नका, आणि या थेरपीचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगा. मानसिक आजारांच्या तिथल्या अधिकृत पुस्तकाच्या २०१३ च्या आवृत्तीत ऑटिझमच्या लक्षणांत संवेदनांचा उल्लेख आला, पण त्या नावाचा वेगळा आजार आला नाही. टाळाटाळीने खाणं इतकं कमी होणं की पोषण ढासळावं, याला मात्र त्याच पुस्तकात एआरएफआयडी म्हणून जागा मिळाली. आणि २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने मुलांच्या खाण्याच्या विकाराची व्याख्या केली, तिच्यात चार बाजू धरल्या: वैद्यकीय, पोषणाची, खाण्याच्या कौशल्याची आणि मानसिक-सामाजिक. मला ही चौकट पटते. आमच्या बाबतीत लोह पहिल्यात, दूध दुसऱ्यात, जीभ तिसऱ्यात, आणि नाक दाबणं चौथ्यात. झोपाळ्याने नेमकं किती झालं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तो त्यात खूश असतो आणि उतरल्यावर शांत बसतो, एवढं दिसतं. मॅडम स्वतःही याहून जास्त दावा करत नाहीत, म्हणून मी त्यांच्याकडे जाते. तीन महिन्यांत पोर सगळं खायला लागेल अशी हमी देणारं कुणी भेटलं तर पैसे देण्याआधी भिंतीवर महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का ते बघा.

ताईची खरी भीती ऑटिझमची होती. ती ते नाव घ्यायची नाही, "ते" म्हणायची. ऑटिझम असलेल्या मुलांत खाण्याच्या अडचणी जास्त दिसतात, पण खाण्याची अडचण असलेलं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं, आणि ते ठरवणं थेरपिस्टचं काम नाही. विकासतज्ज्ञ डॉक्टरांनी बाळूला बघितलं, चौथ्या वर्षी पुन्हा बोलावलंय. मॅडम म्हणाल्या, उत्तर काहीही आलं तरी मंगळवारचं काम तेच राहणार आहे. ताई त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोपली.

एका वेळेचे सहाशे रुपये, आठवड्याला दोनदा, वर एसटी. आमच्यासारख्या आठ मागांच्या घराला हे जमतं, रखडत जमतं. मागावर काम करणाऱ्या कामगाराला? त्याच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची देशातली सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये झाली. अंगणवाडीत येऊन तपासणारी पथकं आणि जिल्ह्याला एक शीघ्र हस्तक्षेप केंद्र, फुकट. मुंबईत केईएम, नायर, सायनला ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत, नागपूरला मेडिकलमध्ये आहे. पण आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी जायचं तर कुणाचा तरी रोज बुडतो. माझ्यासारखी व्यवसाय नसलेली मावशी प्रत्येक घरात नसते.

मार्चमध्ये बिस्किटाच्या कंपनीने पुड्याचं चित्र बदललं. बिस्कीट तेच. बाळूने पुडा बघितला, एक बिस्कीट हातात घेऊन उलटंपालटं केलं, आणि ठेवून दिलं. आजतागायत ते खाल्लेलं नाही. पाचातली एक गोष्ट, नऊ वर्षांच्या परीक्षेत नकारात्मक गुण मिळाल्यासारखी, गेली. दाजींनी तीन तालुक्यांतली दुकानं पालथी घालून जुन्या चित्राचे अकरा पुडे आणले. मॅडमनी ते एकदम न वापरता, जुन्या पुड्यातली बिस्किटं आधी साध्या डब्यात काढायला सांगितली, म्हणजे चित्राशी असलेलं नातं सुटेल. ते चालू आहे.

सध्याची यादी अशी. चुरमुरे. वेफर्स, दोन प्रकारचे. भात. दूध, आता स्टीलच्या पेल्यातूनही. भाजलेला पापड. काकडीचा लांब तुकडा, मीठ न लावता, चावून बहुतेक थुंकतो, पण दाढेवर चावतो. उकडलेल्या बटाट्याची फोड, फक्त काकूंच्या हातची. भाकरीचा पापुद्रा, कडक, कडेचा, स्वतः थापलेल्या भाकरीचा असेल तरच. वजन बारा किलो दोनशे ग्रॅम. काकू अजून म्हणतात, "एवढ्यावर कुठं भागतंय?" आणि बाळू थुंकला की त्या दुसरीकडे बघतात, वाटी मात्र त्याच धुतात.

पुढच्या मंगळवारपासून केळं घ्यायचंय. पहिल्या दिवशी ते फक्त न सोललेलं, खिडकीत.